शार्लमेन बादशहा : तलवार आणि लेखणी

आजपासून सुमारें बाराशें वर्षांपूर्वीं युरोपखंडांत एक मोठा बादशहा होऊन गेला. पश्चिमेस अटलांटिक महासागरापासून पूर्वेस एल्ब नदीपर्यंत आणि उत्तरेस उत्तर समुद्रापासून दक्षिणेस इटलीपर्यंत त्याचा अंमल चाले. त्याची फौज मोहिमेवर गेली नाहीं असें वर्ष क्वचितच उजाडे. अशा या बादशहाची एक गोष्ट मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. रात्रीं निजावयास जातांना तो आपल्या उशीखालीं लिहिण्याच्या पाट्या व चर्मपत्राचीं पानें ठेवीत असे. झोंप आली नाहीं तर उठून बसे आणि लहान मुलाप्रमाणें अक्षरें गिरवी. परंतु भाला व तलवार यांस सरावलेला तो हात लेखणीला वश होईना. अभ्यासास आरंभच फार उशिरां झाला होता. त्याच्या दरबारांत अनेक वर्षें राहिलेला विद्वान आइनहार्ड यानें त्याचें जें चरित्र लिहून ठेविलें आहे, त्यांत ही हकीकत आहे.

या बादशहाचें नांव चार्ल्स. लॅटिन भाषेंत त्याला कारोलस मॅग्नस, म्हणजे थोरला चार्ल्स, असें म्हणत. त्याचेंच फ्रेंच रूप शार्लमेन, आणि याच नांवानें तो इतिहासांत प्रसिद्ध आहे. ज्याला स्वतःला नीट लिहितां आलें नाहीं, त्यानें युरोपास लिहावयास शिकविलें. आणि ज्या तलवारीवर त्याची सारी भिस्त होती, तिनें मिळविलेलें राज्य मात्र त्याच्या नातवांच्या हयातींतच फुटलें. हें कसें घडून आलें तें समजण्यासाठीं त्याचें चरित्र थोडक्यांत पाहूं.

फ्रँक लोक मूळचे ऱ्हाईन नदीच्या कांठचे. इ. स. ४७६ मध्यें रोमचें पश्चिम साम्राज्य कोसळलें; त्यानंतर हल्लींचा फ्रान्स, बेल्जम व जर्मनीचा पश्चिम भाग यांवर त्यांची सत्ता बसली. त्यांचा राजा क्लोव्हिस यानें ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. पुढें त्याच्या वंशांतील राजे दुर्बळ होत गेले आणि सर्व अधिकार राजवाड्याच्या मुख्य कारभाऱ्याच्या हातीं गेला. राजा नांवाला सिंहासनावर बसे. फौज व खजिना कारभारी पाही. याच कारभाऱ्यांच्या घराण्यांतील चार्ल्स मार्टेल यानें इ. स. ७३२ मध्यें प्वात्ये शहराच्या परिसरांत, स्पेनकडून आलेल्या मुसलमान फौजेचा पराभव केला. त्याचा मुलगा पेपिन यानें इ. स. ७५१ मध्यें नामधारी राजाचे केस कापून त्याला मठांत पाठविलें आणि राजमुकुट आपल्या मस्तकीं धारण केला. या पेपिनचा वडील मुलगा म्हणजेच आपला चरित्रनायक होय.

त्याचा जन्म इ. स. ७४८ च्या सुमारास झाला. तो लहान असतांनाच एक मोठा प्रसंग त्यानें पाहिला. उत्तर इटलींतील लोंबार्ड राजांच्या जाचानें त्रस्त झालेला पोप दुसरा स्टीफन ऐन हिंवाळ्यांत आल्प्स पर्वत ओलांडून पेपिनची मदत मागावयास आला. त्याला सामोरें जाऊन आणण्याचें काम बाल चार्ल्सवर सोंपविलें होतें. इ. स. ७५४ मध्यें सेंट डेनिस येथें पोपनें पेपिनला व त्याच्या दोन्ही मुलांना राजाभिषेक केला. राजसत्ता आणि धर्मसत्ता यांचें जें नातें त्या दिवशीं जडलें, त्याचेच धागे चार्ल्सच्या सर्व आयुष्यांत आढळून येतात.

इ. स. ७६८ मध्यें पेपिन वारला व त्याचें राज्य चार्ल्स आणि कार्लोमान या दोघां भावांत वांटलें गेलें. दोघांचें पटत नव्हतें, परंतु इ. स. ७७१ मध्यें कार्लोमान अकस्मात् मरण पावला आणि चार्ल्सनें सर्व राज्य आपल्या ताब्यांत घेतलें. भावाच्या विधवेनें मुलांसह लोंबार्ड राजा डेसिडेरिअस याचा आश्रय केला. त्याच सुमारास पोपकडूनही लोंबार्डांविरुद्ध मदतीची हांक आली. चार्ल्स फौजेसह आल्प्स उतरला, पाव्हिया शहरास त्यानें कित्येक महिने वेढा दिला, आणि इ. स. ७७४ मध्यें लोंबार्डांचें राजपदही स्वतःकडे घेतलें.

प्रत्येक मोहिमेंत त्याला यश आलें असें नाहीं. इ. स. ७७८ मध्यें तो स्पेनवर चालून गेला; परंतु सारागोसा शहर त्याच्या हातीं लागलें नाहीं. परत फिरतांना पिरनीज पर्वताच्या खिंडींत बास्क लोकांनीं त्याच्या पिछाडीवर अचानक छापा घातला व ती सर्व तुकडी कापून काढिली. मेलेल्यांत ब्रिटनी सरहद्दीचा सुभेदार रोलंड हाही होता. सुमारें तीनशें वर्षांनंतर फ्रेंच शाहिरांनीं या रोलंडवर महाकाव्य रचलें, आणि त्या पराभवाचें रूपांतर अमर वीरकथेंत झालें.

चार्ल्सची सर्वांत लांबलेली व सर्वांत क्रूर लढाई म्हणजे सॅक्सन लोकांशीं झालेली. हे लोक ऱ्हाईन नदीच्या पलीकडे, एल्ब नदीपर्यंतच्या रानांत राहत. ते ख्रिस्ती नव्हते. आपल्या पूर्वजांच्या देवतांस भजत. सरहद्दीवर दोन्ही बाजूंनीं लूटमार नित्याचीच होती. इ. स. ७७२ मध्यें चार्ल्सनें स्वारी करून इर्मिन्सूल नांवाचा त्यांचा पवित्र स्तंभ पाडला, आणि तेव्हांपासून जें युद्ध पेटलें तें थांबत थांबत इ. स. ८०४ पर्यंत चाललें. उन्हाळ्यांत फौज आली कीं सॅक्सन शरण येत, ओलीस देत व बाप्तिस्मा घेत. फौजेची पाठ फिरली कीं पुन्हां बंड करीत. विडुकिंड नांवाचा एक शूर सरदार या बंडांचा पुढारी होता.

इ. स. ७८२ मध्यें सॅक्सनांनीं फ्रँक फौजेच्या एका तुकडीचा धुव्वा उडविला. चार्ल्स संतापानें तेथें धांवून गेला. विडुकिंड डेन लोकांच्या मुलखांत निसटला होता. तेव्हां बंडांत सामील झालेल्या इतर सॅक्सनांस आपल्या स्वाधीन करावें असें चार्ल्सनें फर्माविलें, आणि व्हेर्डेन येथें एकाच दिवशीं त्यांचा शिरच्छेद करविला. दरबारच्या बखरींत ही संख्या ४,५०० दिली आहे. कांहीं इतिहासकार हा आंकडा फुगविलेला मानतात. परंतु संख्या कमी धरली तरी कृत्याचा काळिमा पुसून जात नाहीं. याच सुमारास सॅक्सनांसाठीं जो कायदा झाला, त्यांत बाप्तिस्मा घेण्यास नकार देणें, जुन्या रीतीनें प्रेताचें दहन करणें, धर्माची अवहेलना करून उपासाच्या पवित्र काळांत मांस खाणें, या गोष्टींस देहांताची शिक्षा सांगितली होती. शिवाय प्रत्येकानें आपल्या उत्पन्नाचा दशमांश चर्चला द्यावा, अशी सक्ती होती. इ. स. ७८५ मध्यें विडुकिंड शरण आला. त्याच्या बाप्तिस्म्याच्या वेळीं चार्ल्स स्वतः त्याचा धर्मपिता झाला. तरीही बंडें थांबलीं नाहींत.

ज्या शाळेच्या नांवाशीं ख्रिस्ताचें नांव जोडलेलें आहे, तिच्या वार्षिकांत ही हकीकत झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. जो प्रभु प्रेमाची आज्ञा देऊन गेला, त्याच्या नांवानें तलवार उगारली गेली, हें सत्य आहे. परंतु त्याच काळांत, त्याच राजाच्या दरबारांत, या अन्यायाविरुद्ध लेखणी उचलणारा एक मनुष्य होता, हेंही तितकेंच सत्य आहे. तो मनुष्य म्हणजे आल्क्विन नांवाचा शिक्षक.

आल्क्विन इंग्लंडांतील यॉर्क शहरीं शिकला व तेथील शाळेचाच मुख्य झाला. इ. स. ७८१ मध्यें तो रोमहून परत येत असतां इटलींत पार्मा येथें त्याची व चार्ल्सची गांठ पडली. शत्रूचा किल्ला पाहून इतर राजांच्या मनांत जी हांव उत्पन्न होई, ती विद्वान मनुष्य पाहून चार्ल्सच्या मनांत होत असे. त्यानें आल्क्विनला आपल्या दरबारीं बोलाविलें. पिसा येथील पीटर व्याकरण शिकविण्यास, लोंबार्डांपैकीं पॉल नांवाचा इतिहासकार, स्पेनकडील थिओडल्फ कवि, असे दूरदूरचे पंडित तेथें जमले. चाळिशीकडे झुकलेला राजा, राणी, राजपुत्र व राजकन्या हीं सर्व या शिक्षकांपुढें विद्यार्थी होऊन बसलीं. चार्ल्स लॅटिन सफाईनें बोले, त्याला ग्रीक समजे, आणि ताऱ्यांच्या गतीचें गणित शिकण्याचा त्याला मोठा नाद होता. हस्ताक्षर तेवढें शेवटपर्यंत जमलें नाहीं.

परंतु आपली उणीव ओळखून तो स्वस्थ बसला नाहीं. निरनिराळ्या मठांकडून त्याला जीं पत्रें येत, त्यांतील भाव चांगला पण भाषा अशुद्ध, असें त्याच्या ध्यानांत आलें. ज्यांना साधें पत्र नीट लिहितां येत नाहीं त्यांना पवित्र शास्त्र तरी नीट कसें समजणार, अशी चिंता त्याला लागली. म्हणून मठाधिपतींस त्यानें विद्येची हेळसांड न करण्याविषयीं पत्र धाडिलें, आणि इ. स. ७८९ मध्यें एक विस्तृत आज्ञापत्र काढून प्रत्येक मठांत व धर्माध्यक्षाच्या ठाण्यांत मुलांसाठीं शाळा असावी, तेथें स्तोत्रें, गायन, गणित व व्याकरण शिकवावें, आणि धर्मग्रंथांच्या प्रती काळजीपूर्वक शुद्ध कराव्या, असें ठरविलें. या शाळांत केवळ उमरावांचीं नव्हे, तर सामान्य लोकांचीं मुलेंही घ्यावीं, असा त्याचा हेतु होता. थिओडल्फ पुढें ऑर्लेआं येथें धर्माध्यक्ष झाला. त्यानें तर आपल्या हद्दींतील धर्मगुरूंस खेड्यापाड्यांतून शाळा चालविण्यास सांगितलें व शिक्षणाबद्दल फी मागूं नये असा नियम घातला.

या संबंधांत एक आख्यायिका सेंट गॉल येथील मठांतल्या एका साधूनें, चार्ल्सच्या मृत्यूनंतर सुमारें सत्तर वर्षांनीं, लिहून ठेविली आहे. एका मोहिमेवरून परतल्यावर राजानें शाळेंतील मुलांस आपापले लेख व कविता घेऊन बोलाविलें. गरीब व मध्यम स्थितींतील मुलांचें काम उत्तम निघालें; सरदारांच्या मुलांनीं मात्र सारा वेळ खेळांत व नटण्यांत दवडला होता. राजानें मेहनती मुलांस उजव्या हातास उभें केलें, त्यांची प्रशंसा केली व पुढें मोठमोठीं पदें देण्याचें वचन दिलें. मग डाव्या बाजूकडे वळून त्यानें उमरावांच्या मुलांस खडसाविलें कीं, तुमच्या कुळाची व रूपाची मला मातब्बरी नाहीं. अभ्यास सुधारला नाहीं तर माझ्याकडून कांहीं मिळण्याची आशा धरूं नका. ही गोष्ट जशीच्या तशी घडली असेल वा नसेल. परंतु लोकांच्या मनांत हा राजा कोणत्या रूपानें राहिला, तें तिच्यावरून चांगलें कळतें.

आतां लिपीविषयीं सांगावयाचें. त्या काळीं प्रत्येक प्रांताचें अक्षराचें वळण निराळें होतें. अक्षरें एकमेकांत गुंतलेलीं, शब्द एकास एक चिकटलेले, अशीं तीं हस्तलिखितें वाचतांना जुन्या दप्तरांतील शिकस्त मोडी वाचणाऱ्याप्रमाणें भल्याभल्यांची तारांबळ उडे. चार्ल्सच्या राज्यांतील मठांतून या काळांत एक नवें वळण रूढ झालें. अक्षर लहान, वाटोळें व सुटें. दोन शब्दांत मोकळी जागा. वाक्याच्या आरंभीं मोठें अक्षर. या वळणांत लेखकांनीं शेंकडों प्राचीन ग्रंथांच्या नकला केल्या. जूलिअस सीझरनें लिहिलेल्या युद्धवृत्तांतासारख्या कित्येक लॅटिन ग्रंथांच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या प्रती याच नवव्या शतकांतील आहेत. त्या वेळीं या मठांतील लेखक थंडीनें बोटें गारठत असतां लिहीत बसले नसते, तर रोमच्या विद्येचा केवढा तरी भाग कायमचा बुडाला असता.

असो. आल्क्विनची दुसरी कामगिरी याहून कठीण होती. इ. स. ७९६ मध्यें डॅन्यूब नदीकडील आव्हार लोक चार्ल्सला शरण आले, आणि सॅक्सनांवर झाली तशीच सक्ती त्यांच्यावरही होणार असें दिसूं लागलें. तेव्हां आल्क्विननें राजास व आपल्या वजनदार मित्रांस पत्रें लिहिलीं. श्रद्धा ही राजीखुषीची गोष्ट आहे. मनुष्यास बाप्तिस्म्याच्या पाण्यापर्यंत ओढून नेतां येईल, परंतु त्याच्या मनांत विश्वास कोंबतां येणार नाहीं. आधीं प्रेमानें शिकवावें आणि मग बाप्तिस्मा द्यावा. नव्या लोकांवर दशमांशाचें ओझें लादल्यानेंच सॅक्सनांचा धर्मावरील विश्वास उडाला, असा त्या पत्रांचा आशय होता. ज्याच्या पदरीं राहावयाचें त्यालाच त्याची चूक दाखविणें हें सामान्य धैर्याचें काम नव्हे. पुढच्याच वर्षीं, इ. स. ७९७ मध्यें, सॅक्सनांसाठीं नवा सौम्य कायदा झाला व अनेक अपराधांस मृत्यूऐवजीं दंडाची शिक्षा आली. तरी चार्ल्सचा हात पुरता आवरला नाहीं, इ. स. ८०४ मध्यें त्यानें एल्बकांठच्या हजारों सॅक्सन कुटुंबांस घरेंदारें सोडावयास लावून इतरत्र वसविलें. त्याच वर्षीं आल्क्विननें तूर येथील आपल्या मठांत देह ठेविला.

इ. स. ७९९ मध्यें रोममध्यें पोप तिसरा लिओ याच्यावर त्याच्या शत्रूंनीं हल्ला केला. तो कसाबसा निसटून चार्ल्सकडे आला. चार्ल्सनें त्याला पुन्हां गादीवर बसविलें व पुढील वर्षीं तो स्वतः रोमला गेला. इ. स. ८०० च्या नाताळच्या दिवशीं, सेंट पीटरच्या मंदिरांत तो प्रार्थना करून उठत असतां पोपनें त्याच्या मस्तकावर मुकुट ठेविला व जमलेल्या लोकांनीं रोमचा सम्राट म्हणून त्याचा जयजयकार केला. पोपचा हा बेत आधीं कळला असता तर आपण त्या दिवशीं तेथें पाऊलही टाकलें नसतें, असें चार्ल्स पुढें म्हणे, अशी आइनहार्डची साक्ष आहे. तें कसेंही असो. ४७६ पासून रिकामें पडलेलें पश्चिमेचें सम्राटपद पुन्हां भरलें.

राज्यव्यवस्थेंतही तो दक्ष होता. एक सरदार व एक धर्माधिकारी अशा जोड्या तो प्रांतोप्रांतीं पाठवी. त्यांनीं स्थानिक अधिकाऱ्यांचा कारभार तपासावा व गोरगरिबांची गाऱ्हाणीं ऐकावीं अशी आज्ञा असे. एक पौंड चांदीचीं २४० नाणीं पाडावीं, हा त्यानें दृढ केलेला हिशेब. बारा पेन्सांचा शिलिंग व वीस शिलिंगांचा पौंड, हें इंग्लंडांत १९७१ पर्यंत चालू असलेलें आणि पूर्वींच्या विद्यार्थ्यांस अंकगणितांत रडकुंडीस आणणारें कोष्टक त्याच हिशेबाचें वंशज होय.

आखेन हें त्याचें आवडतें राहण्याचें ठिकाण. तेथें ऊन पाण्याचे झरे आहेत. चार्ल्स पट्टीचा पोहणारा असल्यामुळें मुलें, मित्र व शरीररक्षक यांस घेऊन तो त्यांत डुंबत असे. तेथें त्यानें बांधविलेलें अष्टकोनी प्रार्थनामंदिर आजही उभें असून १९७८ मध्यें त्याची जागतिक वारशाच्या पहिल्याच यादींत गणना झाली. बगदादचा खलिफा हारुन अल् रशीद यानें त्याला अबुल अब्बास नांवाचा हत्ती नजर केला होता. तो इ. स. ८०२ मध्यें आखेन येथें पोंचला तेव्हां त्याला पाहण्यास लोकांची केवढी झुंबड उडाली असेल! चार्ल्स देहानें उंच व धिप्पाड होता, पण त्याचा आवाज बारीक होता. पोशाख साधा फ्रँक पद्धतीचा. मद्यपी माणसाचा त्याला तिटकारा असे. भाजलेल्या मांसाची आवड मात्र वैद्यांनीं किती सांगितलें तरी सुटली नाहीं. जेवतांना तो ग्रंथ वाचवून घेई. संत ऑगस्टीनचे ग्रंथ त्याला विशेष प्रिय होते.

उतारवयांत त्याच्यावर दुःखाचे आघात झाले. इ. स. ८१० मध्यें पेपिन व ८११ मध्यें चार्ल्स हे दोन कर्ते पुत्र वारले. उरलेला मुलगा लुई यास ८१३ मध्यें त्यानें मुकुट दिला, आणि २८ जानेवारी ८१४ रोजीं ज्वर व कुशीचें दुखणें यांनीं आखेन येथें त्याचें देहावसान झालें. त्याला त्याच मंदिरांत पुरलें. लुईच्या मुलांत भाऊबंदकी माजली, इ. स. ८४३ मध्यें व्हर्दून येथील तहानें तिघां नातवांनीं साम्राज्याचे तीन तुकडे केले. पश्चिमेकडील भागांतून पुढें फ्रान्स व पूर्वेकडील भागांतून जर्मनी उदयास आला, आणि मधल्या पट्ट्यासाठीं या दोन राष्ट्रांच्या वंशजांनीं विसाव्या शतकापर्यंत रक्त सांडलें. तलवारीनें जोडलेलें राज्य तीस वर्षेंही एकत्र राहिलें नाहीं.

लेखणीचें काम मात्र टिकलें. पंधराव्या शतकांत इटलींतील विद्वानांस या मठांतील सुबक पोथ्या सांपडल्या. हें प्राचीन रोमचेंच अक्षर असावें असा त्यांचा गोड गैरसमज झाला व त्यांनीं तें वळण उचललें. छापखाने निघाल्यावर मुद्रकांनीं त्याचेच खिळे पाडले. म्हणून आज इंग्रजी पुस्तकांत आपण जीं लहान अक्षरें वाचतों, तीं शार्लमेनच्या काळच्या त्या मठवासी लेखकांच्या बोटांतून उतरलेलीं आहेत. पोलिश, चेक व हंगेरियन भाषांत तर राजा या अर्थाचा शब्दच त्याच्या चार्ल्स या नांवावरून बनला.

विद्यार्थी मित्रांनो, शार्लमेनला थोरला म्हणतांना व्हेर्डेनचा दिवस विसरूं नये, आणि व्हेर्डेन आठवतांना उशीखालची ती पाटीही विसरूं नये. एकाच पुरुषाच्या हातून दोन्ही गोष्टी झाल्या. जें त्यानें बळानें लादलें तें त्याच्यामागें कलहाचें कारण झालें. जें त्यानें नम्रपणें शिकून दुसऱ्यांस शिकविलें तें बाराशें वर्षें जगाच्या उपयोगीं पडत आहे. आणि राजापुढें सत्य बोलण्याचें धैर्य ज्यानें दाखविलें तो सेनापति नव्हता, उमराव नव्हता. एक शाळामास्तर होता, ही गोष्ट आपण शाळेंतील सर्वांनीं मनांत जपून ठेवण्यासारखी आहे.